माणूस, आयुष्य, भविष्य: असली पुस्तकं तुम्ही कशी वाचता? (सोलापूर कट्टा)

किल्लाबाग

नमस्कार मंडळी. आमचा सोलापुरात छोटासा वाचनकट्टा आहे. सात-आठ डोकी, महिन्यातला एक रविवार, कुणाच्या तरी गच्चीवर. (एप्रिल-मेमध्ये दिवस मावळायच्या आत गच्चीवर पाय ठेवायची सोय नसते, म्हणून उशिरा.) नियम एकच. कथा चालेल, इतिहास चालेल, विज्ञान चालेल, पण पुस्तकानं माणूस असा का वागतो, जगायचं कशासाठी किंवा पुढे काय वाढून ठेवलंय यातल्या एका तरी प्रश्नाला हात घातलेला हवा.

या खेपेला युव्हाल नोआ हरारींचं ‘होमो डेअस’ होतं. त्यात ते म्हणतात की कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाची कामं करू लागली की एक मोठा वर्ग नुसता बेकार होणार नाही, तो कुठल्याच कामावर घेण्याजोगा राहणार नाही. त्याला ते सरळ ‘निरुपयोगी वर्ग’ म्हणतात. आम्ही सगळे गंभीर चेहरे करून बसलो होतो. आमच्यात एक काका आहेत, उभी हयात गिरणीत वाइंडिंग खात्यात गेली. ते म्हणाले, “ह्यात नवीन काय? गिरणीला कुलूप लागलं तेव्हा आम्हाला हेच ऐकवलं होतं. फक्त छापलं नव्हतं.”

त्यानंतर हरारींकडे कुणी वळलंच नाही. रात्री जेवणं थंड होईपर्यंत गिरणीच चालली.

तर दोन प्रश्न. एक, असली मोठ्या आवाक्याची पुस्तकं वाचताना आपलं गाव, आपलं घर त्याला लावून बघता का, की लेखक म्हणेल तशी मान डोलावता? दोन, पुढच्या बैठकीला काय घ्यावं? मराठीत असेल तर उत्तम, दोघा-तिघांना इंग्रजी जड जातं.

होटगीरोड

काकांना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. गिरण्या बंद पडल्या त्या यंत्राला अक्कल आली म्हणून नव्हे. जुनी यंत्रसामग्री बदलली नाही, कर्जं थकली, आणि विकेंद्रित यंत्रमागानं तेच कापड स्वस्तात काढून दाखवलं. म्हणजे एका जागचं काम दुसरीकडे गेलं, कमी पगारात गेलं, पण माणसाच्या हातातच राहिलं.

हरारींचा मुद्दा त्यापुढचा आहे. आजवरच्या यंत्रांनी माणसाचे स्नायू रिकामे केले, तेव्हा माणूस डोक्याच्या कामाकडे सरकला. आता डोक्याचं कामही यंत्रानं घेतलं तर सरकायचं कुठं? या प्रश्नाला “आमच्याकडे हे आधीच झालंय” हे उत्तर होत नाही.

आकड्यांबद्दलही एक सांगतो. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी लिहिलं की अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना यांत्रिकीकरणाचा मोठा धोका आहे. तो आकडा प्रत्येक भाषणात फिरतो. त्यांनी मोजलं होतं ते काम यंत्राला तांत्रिकदृष्ट्या जमण्यासारखं आहे का, एवढंच. प्रत्यक्षात किती जण घरी बसतील हा अंदाज तो नव्हता. भविष्यावरचं पुस्तक हातात घेतलं की मी आधी हे बघतो, आकडा कशाचा आहे आणि लेखक तो कशाचा म्हणून खपवतोय.

पूर्वभाग

होटगीरोड सर, तुमी म्हणलाव त्यातला यंत्रमाग आमच्या घरातच होता बगा. वडील मागावर, आई कांड्या भरायची, आजी विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. त्यामुळं ‘काम दुसरीकडे गेलं’ म्हणलाव तर ते आमच्याकडंच आलं, आणि कमी पगारातच आलं, हे पण खरं हाय.

पण मला वेगळंच सांगायचंय. तुम्ही सगळे कॉम्प्युटर म्हणजे बाहेरनं आलेली गोष्ट धरून चाललाय. सोलापुरी चादरीवरचा मोर कुठनं येतो माहीत आहे का? चौकटीच्या कागदावर नक्षी काढतात. त्या कागदाची एक ओळ म्हणजे पुठ्ठ्याचा एक पत्ता. नक्षीप्रमाणं पत्त्याला भोकं पाडायची. सगळे पत्ते दोऱ्यानं ओवून त्यांची माळ करायची आणि ती मागाच्या डोक्यावर, जेकार्डवर चढवायची. भोक असेल तिथं सुई आत जाते, हूक वर उचलला जातो, ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खालीच. मधनं धोटा जातो. मग पुढचा पत्ता. असे शेकडो पत्ते फिरले की मोराची मान, पिसारा सगळं येतं. एक पत्ता उलटा ओवला गेला की मोराच्या पोटात आडवी रेघ, आणि चादर सेकंडच्या मालात. वडील अंधारात नुसतं बोट फिरवून सांगायचे कुठला पत्ता फाटलाय.

फ्रान्समध्ये जॅकार्डनं हे १८०४ च्या सुमाराला बसवलं. भोक म्हणजे हो, भोक नाही म्हणजे नाही. चार्ल्स बॅबेजनं त्याच्या हिशेब करणाऱ्या यंत्रासाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या पूर्वजासाठी, हीच पत्त्यांची कल्पना उचलली. १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं लिहिलं की जॅकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. हे मी कॉलेजात वाचलं आणि घरी येऊन वडलांना सांगितलं. ते म्हणाले, “मग त्या बाईला पत्ते ओवता येत होते का?”

आता आमच्या शेजारच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आहे. नक्षी पेनड्राइव्हवर येते. पत्ते पाडणाऱ्याचं दुकान बंद झालं. म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्यानं जे काम दिलं ते नातवानं काढून घेतलं. हे कुठल्या पुस्तकात आहे का? असेल तर वाचतो.

किल्लाबाग

पूर्वभाग, पुढच्या रविवारी तुम्ही यायचंच. वडिलांना घेऊन.

जुळेकर

एक प्रामाणिक प्रश्न. मी स्पर्धा परीक्षा देतोय. पाचशे पानी पुस्तकाचा मथितार्थ वीस मिनिटांच्या व्हिडिओत मिळत असेल तर अख्खं पुस्तक कशाला वाचायचं? हरारींचंच ‘सेपियन्स’ मी तसंच केलं. गव्हानं माणसाला पाळलं, शेती ही इतिहासातली सर्वांत मोठी फसवणूक, पैसा-देश-कंपनी या सगळ्या सामायिक कल्पना. मुद्दे कळले. मुलाखतीत बोलता येतील.

काळीजमीन

जुळेकर बाळा, मुद्दे कळले ना? मग मला सांग, गव्हानं पाळलं असेल तर ज्वारीनं काय केलं?

मी मंगळवेढ्याकडचा. आमच्या काळ्या रानात मालदांडी पेरतात ती परतीच्या पावसाची ओल धरून. नंतर पाऊस नाही, पाट नाही, तरी कणीस भरतं. त्या रानाला रोज पाणी पाजत, तण काढत पाठीचा कणा मोडून घ्यावा लागत नाही, निदान गव्हाइतका नाही. हरारींचं शेतीवरचं प्रकरण वाचताना मला सारखं वाटत होतं की हे ओलिताच्या धान्याकडे बघून लिहिलंय. कोरडवाहू शेतकऱ्याचा जाच वेगळा. त्याची मान पिकाच्या हातात नसते, ढगाच्या हातात असते.

पण त्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला माझ्याच गावानं पटवला. ते म्हणतात, धान्य साठवता येऊ लागलं, त्यातून कोठारं आली, कोठारांवर पहारेकरी आले, आणि मग पिकवणारा उपाशी नि राखणारा पोटभर. आता दामाजीपंतांची गोष्ट आठव. बहामनी राजवटीतला मंगळवेढ्याचा अधिकारी. दुष्काळ पडला, लोक पटापट मरत होते, सरकारी कोठारं भरलेली. पंतांनी ती लुटवली. बादशहानं बेड्या घातल्या. पुढे विठ्ठल विठू महार होऊन बीदरला गेला आणि रक्कम भरून पावती घेऊन आला, ही आख्यायिका आपल्याला पाळण्यात असल्यापासून माहीत. मी ती साठ वर्षं भक्तीची गोष्ट म्हणून ऐकली. पुस्तक वाचल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं की लोक मरत असताना कोठार भरलेलं होतं कसं? आणि ते उघडण्याची किंमत चुकवायला प्रत्यक्ष देवाला यावं लागलं, माणसांच्या व्यवस्थेत त्याला दुसरी वाट नव्हती.

हे तुझ्या व्हिडिओत नव्हतं. पुस्तकातही नव्हतं. चार रात्री ते पुस्तक उशाशी होतं म्हणून सुचलं.

जुळेकर

काका, पटलं. पण परीक्षा संपल्यावर.

विजापूरवेस

मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे ‘माणूस असा का वागतो’ या खात्यात थोडी लुडबुड करते.

या विषयावर मराठीत सुरुवात करायची तर अच्युत गोडबोले यांचं ‘मनात’ घ्या. आपल्या सोलापूरचेच. जाडजूड आहे, पण सलग वाचायची सक्ती नाही. फ्रॉइड आवडत नसेल तर सरळ पुढे जा.

एक गोष्ट मात्र पाळा. मानवी स्वभावाचं कुठलंही पुस्तक दहा-पंधरा वर्षं जुनं झालं की त्यातले प्रयोग अजून उभे आहेत का ते तपासा. डॅनियल कानेमन यांचं ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ २०११ चं. मूळ सिद्धान्त भक्कम, लेखक २००२ चे नोबेल मानकरी. पण नकळत मिळालेल्या सूचनांनी माणसाचं वागणं बदलतं, असं सांगणाऱ्या प्रकरणातले बरेच प्रयोग पुन्हा करून बघितल्यावर तसे निकाल आले नाहीत. कानेमन यांनीच २०१७ मध्ये जाहीरपणे कबूल केलं की छोट्या नमुन्यांवरच्या अभ्यासांवर आपण नको इतका भरवसा टाकला. मला त्या प्रकरणापेक्षा ही कबुली जास्त शिकवून गेली. वर्गात दोन्ही शिकवते.

तसंच मिलग्रमचं. १९६१ पासूनचे येल विद्यापीठातले विजेच्या धक्क्याचे प्रयोग. सर्वांत गाजलेल्या फेरीत ४० पैकी २६ जणांनी, सांगितलं म्हणून, दुसऱ्या माणसाला धक्का देणारं ४५० व्होल्टचं बटण दाबलं (धक्का खोटा होता, त्यांना ते ठाऊक नव्हतं). यावरून ‘माणूस मुळातच आज्ञाधारक पशू’ असं ठोकून देणारे ढीगभर. उरलेल्या चौदा जणांनी नकार दिला, त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहीत नाही. रुत्गर ब्रेगमन यांचं ‘ह्यूमनकाइंड’ त्या बाजूनं लिहिलेलं आहे. टोंगाजवळच्या ओसाड बेटावर अडकलेली सहा शाळकरी मुलं १९६६ मध्ये सापडली ती एकमेकांचे गळे धरलेली नव्हे, तर कामाच्या पाळ्या लावून, एकाचा मोडलेला पाय बांधून, धडधाकट. ब्रेगमनही वकिली करतात, तेवढं गृहीत धरून वाचा.

आणि खरं सांगू? मानवी स्वभावावर मला आजही इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ सगळ्यांत वर वाटतं. १९६७ चं पुस्तक. त्यात ‘मयसभा’ नावाचा लेख आहे. इंद्रप्रस्थाची ती झगमगती सभा उभी राहण्याआधी कृष्ण-अर्जुनांनी खांडववन जाळलं, पळणाऱ्या जिवांना चारी बाजूंनी अडवून मारलं. बाईंनी ते मानववंशशास्त्रज्ञाच्या थंड नजरेनं मांडलंय. प्रगतीबद्दलची अर्धी पुस्तकं त्या एका लेखात मावतात.

चारपुतळा

होटगीरोड, तुम्ही फ्रे-ऑस्बोर्न काढलंत, मी केन्स काढतो.

जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० मध्ये एक निबंध लिहिला, आपल्या नातवंडांच्या काळातल्या अर्थव्यवस्थेबद्दल. शंभर वर्षांत उत्पादन इतकं वाढेल की आठवड्याला पंधरा तास काम पुरेल, मग माणसापुढे खरा प्रश्न उरेल तो रिकाम्या वेळाचं करायचं काय याचा. २०३० उंबरठ्यावर आलंय. उत्पादन वाढण्याचा त्यांचा अंदाज बराचसा खरा ठरला. पंधरा तासांचं काय झालं ते एमआयडीसीत बारा तासांची पाळी करणाऱ्याला विचारा.

आता १९३० म्हटलं की सोलापूरकराला दुसरंच आठवतं. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर इथे उठाव झाला, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमल उरला नाही, मग लष्करी कायदा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. उठावाच्या गर्दीत गिरणी कामगार होते. ज्या वर्षी केंब्रिजमधला एक हुशार माणूस ‘पोटाचा प्रश्न शंभर वर्षांत सुटेल’ म्हणत होता, त्याच वर्षी त्याच साम्राज्याच्या एका गिरणगावात हे चाललं होतं. केन्सच्या हिशेबात उत्पादन आहे. ते कुणाच्या पदरात पडेल यावर निबंध घाईघाईनं पुढे सरकतो.

माझी कसोटी ही. भविष्यावरच्या पुस्तकात ‘आपण’ हा शब्द आला की थांबायचं आणि बघायचं, या ‘आपण’मध्ये विडी वळणारी बाई आहे का. बहुतेक वेळा नसते.

होटगीरोड

हे मान्य. पण वाटणीचा प्रश्न काढला की मूळ प्रश्न बाजूला पडतो, तो परत मधे आणतो. वाटणी न्याय्य झाली तरी उद्या काम उरलंच नाही तर माणूस दिवसभर करणार काय?

बाळीवेस

या प्रश्नाला व्हिक्टर फ्रँकल यांचं पुस्तक थोडंफार भिडतं. मराठीत ‘अर्थाच्या शोधात’ या नावानं आहे. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ, ऑशविट्झसह चार छळछावण्यांतून वाचले. आई, वडील, भाऊ, बायको गेली. पुस्तकाचं हस्तलिखित कोटात दडवून नेलं होतं, ते छावणीत पोचताच हातचं गेलं. मूळ जर्मन पुस्तक १९४६ चं.

मला त्याच्या वाचकांबद्दल तक्रार आहे. नोकरी गेलेल्या माणसाला हे पुस्तक भेट देणारे फार. ‘बघ, त्यानं काय काय सोसलं, तू एवढ्यानं खचलास?’ माझ्या वाट्याला अशा दोन प्रती आल्या. दोन्ही देणारे नोकरीत होते. बहुधा त्यांनी पहिला भागच वाचला असावा. फ्रँकल स्पष्ट लिहितात की दुःख टाळता येण्यासारखं असेल तर त्याचं कारण दूर करणं हेच अर्थपूर्ण, उगाच सोसत बसण्यात पराक्रम नाही. हे वाक्य कुणी भेटीच्या पानावर लिहून देत नाही.

तरी पुस्तक वाचा. पण कुणाच्या गळ्यात मारू नका.

सोन्नलगी

उशिरा येतोय. गावाचं जुनं नाव घेऊन बसलोय तर त्या नावाची एक गोष्ट सांगायलाच हवी.

बाराव्या शतकातले आपले सिद्धरामेश्वर. तळं खोदलं, देऊळ बांधलं, पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापली. कन्नडमध्ये वचनं लिहिली. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात प्रसंग आहे. शरण संत अल्लमप्रभू सोन्नलगीला येतात. तळ्याचं काम जोरात चाललेलं. ते सिद्धरामांना मातीकाम करणारा म्हणून हिणवतात. कामावरची माणसं चिडून दगड मारतात, अल्लमांना काही होत नाही. मग दोघांचा लांबलचक संवाद होतो. बाहेर एवढं उभारलंस, आत काय उभारलंस, असा अल्लमांचा रोख.

शेवटी सिद्धराम कल्याणला (आजचं बसवकल्याण, अल्लमांच्या शरण मंडळींचं ठिकाण) जातात, म्हणजे वादात अल्लम जिंकले. पण मी तळ्याकाठी वाढलेला माणूस, मला राहून राहून वाटतं की अल्लमांना कुणीतरी विचारायला हवं होतं, उन्हाळ्यात पाणी कुठलं प्यायलात? होटगीरोड, तुमच्या ‘दिवसभर करणार काय’चं एक उत्तर त्या तळ्यात आहे. ते काम मजुरीपुरतं नव्हतं. आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते बघता असली कामं संपायची भीती निदान सोलापूरला तरी नाही.

होटगीरोड

सोन्नलगी, तळं खोदायला आता जेसीबी येतो.

सोन्नलगी

जेसीबी येतो. गाळ कधी काढायचा आणि कुणाच्या रानात टाकायचा, यावरनं भांडायला माणसंच लागतात.

किल्लाबाग

धागा भरकटला म्हणणार होतो, पण राहू दे.

पुढच्या बैठकीचं ठरवतोय. काकांचा कौल मराठीला, जुळेकरसारख्यांना आटोपशीर हवं. म्हणून दोन छोट्या गोष्टी. पहिलं, जयंत नारळीकरांचं ‘वामन परत न आला’. जमिनीखाली एका लुप्त, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्यावरून यंत्रमानव घडवला जातो, आणि पुढे तो स्वतःसारखे आणखी घडवायचं तंत्र मागू लागतो. ऐंशीच्या दशकातली कादंबरी, आजच्या बातमीसारखी वाचली जाते. दुसरं, ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ ही १९०९ ची दीर्घकथा. माणसं जमिनीखाली एकेकट्या खोलीत राहतात, पडद्यावर बोलतात, यंत्र सगळं पुरवतं, आणि एक दिवस यंत्र अडखळू लागतं. इंग्रजी आहे, पण विजापूरवेस ताई थांबत थांबत मराठीतून सांगणार आहेत (त्यांना अजून विचारलेलं नाही).

नारळीकरांची प्रत हिराचंद नेमचंद वाचनालयात मिळते का ते मी बघतो. कुणाकडे घरी असेल तर कळवा.

विजापूरवेस

सांगते. पण शेवट आधी कुणी वाचून यायचा नाही. जुळेकर, हे तुला.

पूर्वभाग

वडील यायला तयार आहेत. त्यांची एकच अट, गच्ची तिसऱ्या मजल्यावर असेल तर लिफ्ट पायजे. जुन्या पत्त्यांची एक माळ माळ्यावर आहे, बायको रद्दीत घालायच्या आत काढून ठेवतो. आणि होटगीरोड सर, तुमच्या त्या प्रश्नावर ते म्हणले, “काम नसलं तर करणार काय म्हणून विचारणारा माणूस नोकरीत असतो. त्यांना घेऊन ये, बोलू.”

होटगीरोड

येतो. पण मी निवृत्त आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.